भिंतीवरचा हिशोब



गुरुजींचं नाव घेतलं की मला आधी त्यांच्या ओट्यावरची पत्र्याची पेटी दिसते. निळ्या रंगाची, कोपऱ्यांना गंज धरलेली, कडी एका बाजूनं निखळलेली. तिच्यात काय असेल याचं लहानपणी आम्हा पोरांना फार कुतूहल होतं. एकदा त्यांनी ती उघडून दाखवली. आत पोचपावत्या होत्या. तारेच्या आकड्याला ओवलेल्या, सालवार लावलेल्या. विहिरीच्या कर्जाचा अर्ज, वारसाच्या फेरफाराचा अर्ज, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवण्याचा अर्ज. प्रत्येक पोचेवर गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. ज्याला वाचता येत नव्हतं तो माणूस आपली पोच गुरुजींकडे ठेवायला देई, विश्वासाच्या घरी दागिना ठेवावा तशी. गुरुजी म्हणायचे, "कागद दिला आणि पोच घेतली नाही, तर कागद दिलाच नाही असं समज."

त्यांच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेत सरकारी दप्तराविषयी बोलावं, असं मी ठरवलं ते त्या पेटीमुळे. फार मुद्दे नाहीत. दप्तर कोणाचं, ते उघडायचं कसं, आणि ते टिकवायचं कसं. पहिल्या गोष्टीसाठी मला दिल्लीला जायची गरज नाही, मुंबईलाही नाही. आपण फर्दापुरात बसलो आहोत, इथून पाचेक किलोमीटरवर जायचं आहे.

अजिंठ्याच्या लेण्यांत तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. पाहुणे आले की जावंच लागतं. पाहुण्यांना आपण काय दाखवतो? पद्मपाणी दाखवतो, निर्वाणाची मूर्ती दाखवतो, छतावरची नक्षी दाखवतो. भिंतीवरची अक्षरं दाखवत नाही, कारण ती आपल्यालाही वाचता येत नाहीत. पण ती अक्षरं काय सांगतात? दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीवर लिहिलं आहे की हे मुख वासिठीपुत कटहादी नावाच्या माणसानं दान दिलं. सोळाव्या लेण्याबाहेर वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं आपली नोंद कोरून ठेवली आहे. सव्विसाव्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूची आहे. काम कोणी केलं आणि कोणासाठी केलं, हे कामावरच लिहिलेलं. दीड-दोन हजार वर्षं वारा-पाऊस खाऊन ते अजून तिथं आहे. (त्याच दहाव्या लेण्यात 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं स्वतःचं नाव खरडून ठेवलं. नाव लिहिणं आणि हिशोब लिहिणं यात केवढं अंतर आहे, ते त्या एका खांबापाशी उभं राहून कळतं.)

यापेक्षा मोठा नमुना नाशिकला आहे. पांडवलेण्यांत. नहपान राजाचा जावई उषवदात यानं सुमारे 1900 वर्षांपूर्वी एक लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि त्याच्या खर्चासाठी कायमची ठेव लावून दिली. ही ठेव भिंतीवर कशी लिहिली आहे, ते जरा सावकाश ऐका. एकूण 3000 काहापण, म्हणजे त्या वेळची नाणी. त्यातली 2000 गोवर्धन गावातल्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, ठेवली, व्याज दरमहा शेकडा एक. उरलेली 1000 कोष्ट्यांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 काहापण वस्त्रासाठी द्यायची.

आता इथं पोरं बसली आहेत, त्यांनी बोटांवर हिशोब करावा. दोन हजारांचं शेकडा एक व्याज म्हणजे महिन्याला 20. वर्षाला 240. आणि 20 भिक्षू गुणिले 12? दोनशे चाळीस. जुळलं! एकोणीसशे वर्षांनंतर, फर्दापूरच्या सभागृहात बसलेल्या सातवीतल्या मुलीला तो हिशोब तपासता येतो. कोणाची परवानगी लागली? कोणाला अर्ज करावा लागला? रक्कम लिहिली, ठेवली कुठं ते लिहिलं, दर लिहिला, खर्च कशावर ते लिहिलं, आणि शेवटी हेही लिहिलं की ही सगळी व्यवस्था निगमसभेत ऐकवली आहे आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदवली आहे. आधी चारचौघांत वाचलं, मग दप्तरी चढवलं, आणि वर दगडात कोरलं. उघड कारभाराचा कायदा म्हणतात तो याहून वेगळं काय मागतो?

मी असं म्हणत नाही की तो काळ सुखाचा होता. राजाचा जावई होता तो, कोष्ट्यांना त्यानं विचारलं असेल की नाही कोण जाणे. मला एवढंच दाखवायचं आहे की चार लोकांच्या कामाचा हिशोब चार लोकांना दिसेल असा ठेवणं ही परक्याकडून उसनी आणलेली गोष्ट नाही. आपल्या सह्याद्रीच्या दगडात ती आहे.

मग ती गेली कुठं? भिंतीवरचा हिशोब कागदावर गेला, कागद रुमालात बांधला गेला, रुमाल फडताळात गेला आणि फडताळाची किल्ली एका माणसाच्या कमरेला गेली. त्यात आणखी भाषेचा अडसर. आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात. सरकारी कारभार आधी फारशीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत. शेत आपलं, घाम आपला, पट्टी आपण भरायची. आणि आपल्या शेताविषयी कागदावर काय लिहिलं आहे ते आपल्याला वाचता यायचं नाही. तिकडे इंग्रजी मुलखात तरी काय वेगळं होतं? जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात निरक्षर शेतकऱ्याला कागदाच्या जोरावर कसं नाडलं जातं याचं चित्र पानापानावर आहे. जोतीरावांना पुरतं कळलं होतं की ज्याच्या हातात दप्तर त्याच्या हातात गाव. शिक्षणाचा त्यांचा हट्ट त्यामुळेच होता. पोरानं शिकून नोकरी करावी एवढाच त्याचा अर्थ आपण घेतला, हे आपलं चुकलं. पोरानं शिकून बापाचा उतारा वाचावा, हाही त्याचा अर्थ आहे.

इंग्रजांनी 1923 साली शासकीय गुपितांचा कायदा केला. हेरगिरी रोखायला म्हणून केला, पण त्याची सावली प्रत्येक कचेरीवर पडली. गावच्या रस्त्याचं अंदाजपत्रकसुद्धा गुपित असल्यासारखं जपायची सवय लागली. स्वातंत्र्य आलं, इथं ते तेरा महिन्यांनी, 17 सप्टेंबर 1948 ला आलं. किल्ली मात्र त्याच कमरेला राहिली.

ती मोकळी करायला सुरुवात कोणी केली? वकिलांनी नाही केली, संपादकांनी नाही. राजस्थानातल्या मजुरांनी केली. दुष्काळी कामावर दिवसभर माती उपसायची आणि आठवड्याअखेर ठरल्यापेक्षा कमी मजुरी घ्यायची. विचारलं तर उत्तर ठरलेलं: हजेरीपटात तुमचं काम इतकंच भरलं आहे. मग हजेरीपट दाखवा! ते सरकारी दप्तर आहे, दाखवता येत नाही. इथं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना 1972 चा दुष्काळ आठवत असेल, खडी फोडलेली आठवत असेल. हजेरीपटावर अंगठा लावायचा आणि अंगठ्याच्या वर काय लिहिलं आहे ते माहीत नाही, ही गोष्ट तुम्हाला समजावून सांगायला नको. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि गावोगावचे मजूर यांनी 1990 साली मजदूर किसान शक्ती संघटन उभं केलं. डिसेंबर 1994 मध्ये कोट किराना गावी त्यांनी जनसुनवाई भरवली. म्हणजे काय केलं? हजेरीपट मोठ्यानं वाचला. बस, एवढंच. नाव वाचायचं, मजुरी वाचायची, आणि समोर बसलेल्या त्या माणसाला विचारायचं की ही तुला मिळाली का. 1996 साली ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. आमचा पैसा, आमचा हिशोब, ही त्यांची घोषणा.

उषवदाताचा लेख सभेत ऐकवला गेला होता ना? तीच गोष्ट.

आपल्या महाराष्ट्रात 2000 साली माहितीचा कायदा झाला, पण तो इतका लंगडा होता की त्यातून बाहेर काय येणार हा प्रश्नच होता. अण्णा हजारे यांनी आंदोलनं केली, पुण्यात प्रकाश कर्दळे यांच्यासारख्या पत्रकारानं लेखणी झिजवली. सप्टेंबर 2002 मध्ये नवा अध्यादेश निघाला. त्याचा कायदा होताना राष्ट्रपतींची मंजुरी रेंगाळली, तेव्हा ऑगस्ट 2003 मध्ये अण्णांनी आझाद मैदानात उपोषण केलं आणि मंजुरी आली. देशाचा कायदा झाला तो 2005 साली, लागू झाला 12 ऑक्टोबर 2005 पासून. त्या कायद्याच्या मसुद्यात महाराष्ट्राच्या कायद्याचा मोठा वाटा आहे. हा इतिहास मी भरभर सांगितला, कारण तो तुम्ही ऐकलेला असतो.

आता दुसरा मुद्दा. दप्तर उघडायचं कसं?

माहितीचा अधिकार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज. तीस दिवसांची वाट. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, मग दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे, आणि तिथं वर्षानुवर्षांची रांग. हे सगळं कायद्यात आहे आणि ते वापरावंच लागतं. माहिती का हवी ते सांगायची गरज नाही, हे कलम 6 मध्ये स्पष्ट आहे. "तुम्हाला कशाला पाहिजे?" असं खिडकीवर कोणी विचारलं तर शांतपणे सांगायचं, की कायद्यानं मला कारण विचारायचं नाही असं ठरवलं आहे.

पण कायद्याचा जीव अर्जात नाही. तो कलम 4 मध्ये आहे. काय म्हणतं कलम 4? कायदा झाल्यापासून 120 दिवसांत प्रत्येक सरकारी कार्यालयानं 17 प्रकारची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करायची. अधिकारी कोण, त्यांचे अधिकार काय, पैसा किती आला, कुठं गेला, सवलती कोणाला मिळाल्या. कोणी मागायच्या आधी. लोकांना अर्ज करायची गरजच उरू नये म्हणून. ते 120 दिवस 2005 साली संपले! आणि आपण अजून दहाचा स्टॅम्प शोधत फिरतो आहोत.

लोक मला विचारतात, तुमच्या या कायद्याचा धंदा करणारे लोक आहेत त्यांचं काय? अर्ज टाकायचा, माहिती हातात आली की ठेकेदाराकडे जायचं, पाकीट घ्यायचं, गप्प बसायचं. आहेत. असे लोक आहेत हे मी नाकारणार नाही, मी ते पाहिले आहेत, आणि त्यांच्यामुळे सरळ माणसाच्या अर्जाकडेही संशयानं पाहिलं जातं याचं मला दुःख आहे. पण विचार करा. ते विकतात काय? लपवलेली गोष्ट विकतात. जी गोष्ट चावडीच्या भिंतीवर लिहिली आहे ती कोणाला विकता येईल? राजस्थानात रोजगार हमीचे हिशोब ग्रामपंचायतींच्या भिंतींवर रंगवले गेले. नाव, दिवस, मजुरी. तिथं धमकी कशाची देणार? या धंद्यावर उपाय म्हणून कायदा आवळा असं सांगणारे लोक मला उलट्या दिशेनं चालताना दिसतात. दार जितकं आवळाल तितका त्या फटीतून डोकावणाऱ्याचा भाव वाढेल. दार सताड उघडा, भाव शून्य होईल.

आणि ज्यांनी विकलं नाही त्यांचं काय झालं, तेही सांगायला हवं. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी. जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढणारा माणूस. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला निघाले आणि रस्त्यात त्यांचा खून झाला. भिंतीवर असायला हवी ती माहिती एका माणसाच्या पिशवीत असली, की त्या माणसाचा जीव धोक्यात येतो. माहिती एकट्याच्या हातात ठेवू नका, हे मी दरवेळी कळकळीनं सांगतो ते त्यांच्यासाठी.

कायद्यात आणखी एक अधिकार आहे, तो आपण वापरतच नाही. नक्कल मागण्याआधी दप्तर स्वतः बसून पाहण्याचा अधिकार. कलम 2 मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्या आहे, तिच्यात हे येतं: कागद पाहणं, टिपणं काढणं, प्रत्यक्ष काम पाहणं, आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेणं. रस्त्याच्या खडीचा, सिमेंटचा नमुना! हे कायद्यात लिहिलं आहे.

एक प्रसंग सांगतो. गाव आणि कार्यालय सांगत नाही. आम्ही पाचजण एका कामाचं दप्तर पाहायला गेलो होतो. चार शिकलेले आणि एक सत्तरीचे आजोबा, शाळेचं तोंड न पाहिलेले. त्यांना कशाला आणलं, असं आमच्यातल्याच एकानं विचारलं होतं. टेबलावर फाईल आली. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, देयकं, आणि मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एमबी म्हणतात. एमबी म्हणजे लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. प्रत्येक पानावर छापील क्रमांक, म्हणजे पान फाडलं तर कळावं. कामाचं वर्णन, संख्या, लांबी, रुंदी, खोली, परिमाण, अशी घरं आखलेली. आम्ही शिकलेले चौघं बेरजा तपासत बसलो. बेरजा चोख होत्या, एका पैशाचा फरक नाही. तासाभरानं आम्ही वही मिटायला निघालो. आजोबा म्हणाले, "मोरीचं काय लिहिलंय ते वाचा की." मी वाचलं: नळकांडी मोरी, नळ्यांच्या रांगा तीन. आजोबांनी मान हलवली. "दोन हायेत. मी रोज बैल नेतो तिथून. पाणी तुंबतं म्हणून तर उसाला वळसा पडतो."

खोलीत कोणी बोलेना. कारकुनानंही वही आपल्याकडे फिरवून पुन्हा एकदा ते घर पाहिलं. मग आम्ही कामाच्या पाहणीचा अर्ज दिला, पोच घेतली, अभियंत्यासोबत जागेवर गेलो. नळ्या दोनच होत्या. पुढे अपील झालं, पत्रं झाली. तिसरी नळी त्या पावसाळ्याआधी नाही आली, पावसाळ्यानंतर आली. पण आली.

त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. दप्तर वाचायला अक्षर लागतं, पण दप्तर तपासायला गाव लागतं. बेरीज बरोबर आहे की नाही ते मी सांगेन. मोरीत नळ्या किती ते बैल नेणारा माणूसच सांगेल. दोघं एका टेबलाशी बसल्याशिवाय हा कायदा पुरा होत नाही.

तिसरा मुद्दा दप्तर टिकवण्याचा. याच्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो.

आपल्या लेण्यांचीच गोष्ट पुन्हा. 1844 साली मेजर रॉबर्ट गिल नावाचा मद्रास लष्करातला अधिकारी चित्रांच्या नकला करायला इकडे आला. वर्षानुवर्षं राबून त्यानं मोठाल्या कॅनव्हासवर नकला केल्या, त्या लंडनला पाठवल्या, आणि 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून इथं यायला लागले. त्यांच्याही पुष्कळशा नकला 1885 साली लंडनच्या संग्रहालयातल्या आगीत गेल्या. दोन पिढ्यांची मेहनत दोनदा जळाली. तरी आज आपण पद्मपाणी पाहू शकतो. का? कारण मूळ इथं होतं. नक्कल जळाली, मूळ राहिलं.

आता आपल्या कचेऱ्यांत पाहा. तिथं मूळ एकच असतं आणि नक्कल नसते. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती खात्यांच्या फायली राख झाल्या, ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. आणि आगीची तरी काय गरज? वाळवी आहे, गळकं छत आहे, आणि "फाईल सापडत नाही" हे तीन शब्दांचं उत्तर आहे. फाईल सापडत नाही हे माहिती नाकारण्याचं कारण म्हणून कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा 2005 सालचा आहे. बेकायदा अभिलेख नष्ट केला तर त्यात पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा आहे. हा कायदा आपल्यापैकी किती जणांनी ऐकला आहे? हात वर करा म्हटलं तर मला वाटतं दोन-तीन वर येतील.

मराठवाड्याला कागदाची किंमत कळली ती 2023 साली. सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाविषयी या सभागृहात वेगवेगळी मतं असणार, आज तो माझा विषय नाही. मी फक्त त्या शोधाकडे बोट दाखवतो. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले रुमाल वर्षानुवर्षांनी सुटले. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, कोतवाल बुकं, शाळांचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, सगळं बाहेर आलं. मोडी वाचणारे शोधावे लागले, उर्दू वाचणारे शोधावे लागले. आणि काय दिसलं? एका गावाचं कोतवाल बुक आहे, शेजारच्या गावाचं नाही. एकाच भावकीतल्या एका शाखेची नोंद आहे, दुसऱ्या शाखेचं पान वाळवीनं खाल्लं. माणसाचं नशीब आजोबांच्या कर्तृत्वावर नाही, बापाच्या कष्टावर नाही, तर कोणा कोतवालानं साठ-सत्तर वर्षांपूर्वी वही कोरड्या जागी ठेवली होती की नाही यावर अवलंबून राहिलं. ही स्थिती कोणत्याही जातीच्या, कोणत्याही गावच्या माणसावर उद्या येऊ शकते. जमिनीसाठी येईल, वारसासाठी येईल. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू लिहिणारे ते कोतवाल अल्प मानधनावरची माणसं होती. त्यांच्यातल्या ज्यांनी वही जपली त्यांचे आपल्यावर फार मोठे उपकार आहेत, आणि त्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत.

अलीकडच्या एका बदलाविषयी बोललं नाही तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, कलम 8 मध्ये, खासगी माहितीची सूट होती. तिला अट होती: त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्यानं कोणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला पडत असेल, तरच ती नाकारायची. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं तिथं लिहिलेलं होतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं हे सगळं काढलं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती दुरुस्ती लागू झाली. आता माहिती वैयक्तिक आहे एवढं म्हटलं की सूट मिळते. व्यापक लोकहिताचं एक दार कलम 8 च्या दुसऱ्या पोटकलमात अजून आहे, हे खरं. पण ते उघडायचं की नाही हे आधी कोण ठरवणार? ज्याच्याकडे आपण अर्ज केला तोच अधिकारी.

मला भीती वाटते ती मोठ्या घोटाळ्यांच्या बातम्यांची नाही. मला हजेरीपटाची भीती वाटते. घरकुलाच्या यादीची वाटते. हजेरीपट म्हणजे नावंच ना? लाभार्थ्यांची यादी म्हणजे नावंच ना? नाव झाकलं तर कोट किरान्याच्या सभेत वाचायचं काय आणि कोणाला विचारायचं? माझ्या आजाराचा कागद, माझ्या लेकीचा फोन नंबर झाकायलाच हवा, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण चार लोकांच्या पैशातून कोणाला काय दिलं, हे चार लोकांपासून झाकणं म्हणजे खासगीपणा नव्हे. उषवदातानं रक्कम, दर, जागा लिहिली आणि आपलं नावही लिहिलं. नाव नसलेला हिशोब तपासायचा कसा?

आता वेळ होत आली. शेवटची गोष्ट कामाची आहे, वहीत लिहून घ्या. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना सांगितलं आहे, की दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना दप्तर पाहू द्यायचं. सोमवारी सुट्टी असेल तर त्यानंतरच्या कामाच्या दिवशी. सात वर्षं होऊन गेली या निर्णयाला. यातल्या किती सोमवारी आपण गेलो?

उद्या सोमवार आहे. मी सकाळच्या एसटीनं जिल्ह्याच्या गावी जाणार आहे, दुपारी तीनला जिल्हा परिषदेत रस्त्यांच्या कामांची दप्तरं पाहायला बसणार आहे. मला सोबत माणसं हवी आहेत. इंग्रजी येणारं एखादं पोर हवं, बेरजा करणारं एक हवं, आणि रोज त्या रस्त्यानं गाडी-बैल, दूध, कापूस नेणारी दोन-तीन माणसं हवी आहेत. बायका आल्या तर फारच चांगलं, पाण्याची टाकी कोणत्या दिवशी भरते ते त्यांनाच ठाऊक असतं.

गुरुजींच्या सूनबाईंनी ती निळी पेटी आज इथं टेबलावर आणून ठेवली आहे. ज्यांना उद्या यायचं आहे त्यांनी जाताना तिच्याजवळच्या वहीत नाव लिहावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, मी लिहून घेतो आणि वाचून दाखवतो.